आपली गोळी, त्यांची गोळी

कार्तिकातल्या त्या सोमवारी सुगुणाची रांगोळी चुकली. ठिपके बरोबर होते, चुकली ती रेघ. बेझवाड्यातल्या सत्यनारायणपुरमच्या त्या गल्लीत पहाटे दारोदार सडा पडतो, तांदळाच्या पिठीचे ठिपके मांडले जातात आणि त्यांना वळसे घालत एकच रेघ निघते. ती सगळीकडे हिंडते आणि निघाली तिथेच येऊन मिळते. सुगुणाची रेघ मिळाली नव्हती. पहिले वळसे तिने शहाण्यासारखे घेतले होते, मग ठिपक्यांच्या मधूनच ती सरळ चालत उंबऱ्यापाशी येऊन थांबली होती, बाजारात कशाला आलो ते विसरलेल्या माणसासारखी. काशीभट्ल सांबमूर्ती दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले होते, ते पिशवी घेऊन तिथेच उभे राहिले. लग्न होऊन आल्यापासून सुगुणाने ही रांगोळी डोळे मिटून काढली होती. पोटात दुखत असताना, सासू गेल्याच्या वर्षानंतरच्या पहिल्या सणाला, मुलगी शिकायला दूर गेली त्या सकाळी, कधीही रेघ उघडी राहिली नव्हती. सांबमूर्तींनी इकडेतिकडे पाहिलं, चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्याने ती भरकटलेली ओळ पुसून टाकली. गैरसोयीची गोष्ट कोणी बघण्याआधी पुसायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. आयुष्यभर ते औषधांच्या कंपनीचे प्रतिनिधी होते.

बोटं सुजली असतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. कारण हाताशीच होतं. भाद्रपदात चिकनगुनिया गल्लीत शिरला तेव्हा त्याने एक घर सोडलं नव्हतं. आठवडाभर सगळे कमरेतून वाकून चालत होते, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की बेझवाड्याचे लोक अचानक नम्र झाले. बाकीच्यांचा ताप गेला आणि नम्रताही गेली. सुगुणाचा ताप उतरला, पण सांधे धरलेलेच राहिले. बोटांची पेरं, मनगटं, घोटे. आणि वर कार्तिक लागला. कार्तिकात तिला पहाटे कालव्यावर आंघोळ हवी, देवळात वाकून वाकून दिवे लावायला हवेत, सोमवारी चांदणी दिसेपर्यंत पोटात काही नको, आणि एरवीही एकभुक्त. "यंदा सोड," सांबमूर्ती म्हणाले होते. ती म्हणाली होती, "तुम्ही एवढी वर्षं जगाला गोळ्या वाटल्यात. मला महिनाभर उभं करेल एवढी एक तुमच्याकडे नाही?" हे वाक्य त्यांना औषधासारखं लागू पडलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. पेपर आला का, एवढंच.

"रांगोळी..." आत येत ते म्हणाले.

"काय झालं रांगोळीला?" चुलीकडे तोंड करून ती म्हणाली.

"काही नाही. छान आहे."

"मग छान आहे म्हणा. नुसतं रांगोळी म्हणून काय थांबता?"

चला, जीभ तर शाबूत आहे, त्यांना बरं वाटलं. ते पेपर उघडून बसले. आणि मग देवघरातून तिचा आवाज आला, स्वच्छ, जरा कंटाळलेला: "सांबमूर्ती, ती वातींची ताटली दे इकडे."

त्यांनी मागे वळून पाहिलं. कोणी आलं असेल, त्यांना नावाने हाक मारणारं कोणी, शाळेतला मित्र, मोठी बहीण; पण बहीण जाऊन वर्षं झाली होती. दारात कोणी नव्हतं. सुगुणाने त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. एकांतात "अहो", माणसांत "आमच्याकडचे", आणि फारच राग आला तर "ह्या घरातले एक जण". रेशनच्या कचेरीत कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "ते काय, पंख्याखाली उभे आहेत, त्यांनाच विचारा." कारकून हसला होता, पण तिने नाव घेतलं नव्हतं. आणि आता ते नाव तिने ताटलीसाठी, इतक्या स्वस्तात, खर्चून टाकलं होतं. सांबमूर्तींनी ताटली नेऊन दिली. दिव्याच्या उजेडात तिने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं होतं. तेलाच्या दिव्यात सगळंच पिवळं दिसतं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते लगेच घट्ट धरलं, गर्दीत पोराचा हात धरावा तसं.

नाव न घेण्याचं व्रत त्यांचंही होतं. नोकरीला लागले तेव्हा हैदराबादच्या एका हॉटेलात दंडपाणी नावाच्या मॅनेजरने नव्या पोरांना बसवून सांगितलं होतं, "आतलं औषध सगळ्यांचं एकच असतं. ते नाव डॉक्टरला पाठ आहे. तुम्ही ते उच्चारलंत की त्याच्या डोळ्यांसमोर शंभर कंपन्या उभ्या राहतील आणि आपण त्यांच्यात हरवू. पतिव्रता नवऱ्याचं नाव घेत नाही. आपणही ते नाव घ्यायचं नाही. आपली म्हणायचं. आपली आणि त्यांची." पोरं हसली होती, दंडपाणी हसले नव्हते. त्या दिवसापासून सांबमूर्तींच्या जगात अंगदुखीच्या दोन गोळ्या झाल्या: आपली, नारिंगी पट्टीतली; आणि त्यांची, पांढऱ्या पट्टीतली. गुंटूर, तेनाली, मछलीपट्टणम, डॉक्टरांच्या दाराबाहेर रोग्यांच्या रांगेला चुकवत उभं राहायचं, आत गेलं की अर्धं मिनिट मिळायचं, डॉक्टर सही करत असताना त्याच्या पेनाच्या टोकाकडे बघत बोलायचं. "सर, ताप उतरवायला त्यांची ठीक आहे, मी नाही म्हणत नाही. पण सांध्यांसाठी आपली. फरक तुम्हीच बघा." कसला फरक, हे एकाही डॉक्टरने विचारलं नाही, कारण अर्धं मिनिट संपलेलं असायचं. आणि हळूहळू सांबमूर्तींना फरक दिसू लागला. रोज घंटा वाजवणाऱ्या पुजाऱ्याला देव दिसतो की नाही ते तोच जाणे, कान मात्र जातो. त्यांच्या घरात डोकं दुखलं की आपली आणि ताप आला की त्यांची, असा सोवळ्याओवळ्यासारखा शिस्तीचा व्यवहार झाला. हाताखाली एमआर झालेले जुने शिष्य अजून सॅम्पल आणून देत, पाया पडत, "गुरूगारू" म्हणत. बिस्किटांच्या जुन्या डब्यात पट्ट्या भरलेल्या असत.

सुगुणाचं दुखणं त्यांनी त्या डब्यासकट ताब्यात घेतलं होतं. दुपारच्या सावलीत बसून ते हे सगळं आठवत होते तेव्हा त्यांना स्वतःचा जरा अभिमानही वाटला. सांध्यांना आपली, सकाळ-दुपार-संध्याकाळ, कारण सांधे तिन्हीत्रिकाळ दुखत. संध्याकाळी अंगात कणकण येई, त्याला त्यांची. कालव्याच्या पाण्याने सर्दी झाली, तिला सर्दीची वेगळी, पिवळी. उपासाने कपाळ ठणके, त्याला पाण्यात फसफसणारी गोळी. प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र टेबल आणि टेबलावर स्वतंत्र कारकून. चारही टेबलांवर एकच कारकून खुर्च्या बदलून बसतो आहे, हे सरकारी कचेरीत त्यांनी केव्हाच ओळखलं असतं. "गोळीने उपास मोडतो का हो?" तिने पहिल्या सोमवारी विचारलं होतं. मठाधिपतीच्या गांभीर्याने त्यांनी निकाल दिला होता, "औषधाला उपास नाही. पोटात जातं, पण जेवण म्हणून जात नाही." ती समाधानाने रिकाम्या पोटी गोळी गिळून कालव्यावर गेली होती. परत येताना तिचा चेहरा सैलावला होता. "लागू पडली हो तुमची," म्हणाली होती, आणि त्या वाक्याखातर त्यांनी दुसऱ्या दिवशी न मागता एक जास्त दिली होती.

हल्ली ती जेवतही नव्हती. चांदणी दिसायची, पान वाढलेलं असायचं, पप्पू म्हणजे वरण, चारू म्हणजे सार, दहीभात, आणि ती दोन घास चिवडून म्हणायची, "वास येतो." कशाचा? "भाताचा." भाताला कुठला वास, असं ते म्हणायचे आणि मळमळ थांबवायची गोळी शोधायला डब्यात हात घालायचे. त्यांच्या हाताला एवढा एकच रस्ता माहीत होता.

शेषावतारम आला तेव्हा ऊन अंगणात पसरलं होतं. सुगुणाचा थोरला भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेला तिकीट तपासनीस. समोरच्या गल्लीत राहायचा आणि दारात शिरताना अजूनही डब्यात शिरल्यासारखा शिरायचा. सुगुणा ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. उजव्या कुशीवर हात धरून, डोळे अर्धे मिटून. त्याने तिची पापणी खाली ओढली, तिकिटाची तारीख बघावी तशी.

"बावगारू," तो सांबमूर्तींना म्हणाला, "ही कावीळ आहे."

"छे. उजेड पडलाय तसा."

"उजेड? सूर्य आहे वर! सूर्याला कावीळ झाली की हिला, तुम्हीच ठरवा."

"उपास चाललेत. रंग उतरतो उपासाने."

"उतरतो ना, चढत नाही. नखं बघा. हळदीच्या डब्यात बुडवल्यासारखी." त्याने बहिणीकडे वाकून विचारलं, "अम्मलू, काय होतंय गं?"

सुगुणाने त्याच्याकडे पाहिलं, ओळख पटली, आणि ती म्हणाली, "अण्णा, गाडी किती उशिरा आहे?"

शेषावतारम हसला. मग हसू तसंच तोंडावर ठेवून त्याने सांबमूर्तींकडे पाहिलं. "थट्टा करतेय," तो म्हणाला.

मग त्याने तेनालीच्या पलीकडच्या पाला देणाऱ्याचं सांगितलं. पिढीजात घराणं. भुईआवळ्याचा पाला आणि आणखी कसलातरी, जो ते सांगत नाहीत. पोटात एक घोट, डोळ्यांत थेंब, बिनमिठाचा भात; त्याच्या साडूची कावीळ तिथेच गेली, साडू पुढे अपघातात गेला तो भाग वेगळा. "तो माणूस काही मागत नाही, काही विचारत नाही. जीभ बघतो, पाला देतो."

"काही विचारत नाही?"

"एक अक्षर नाही."

सांबमूर्तींना इतकं हलकं वाटलं की ते स्वतःच दचकले. काही विचारत नाही. दवाखान्यात विचारतात. काय दिलं, किती दिलं, कोणी दिलं. पाल्याच्या दारात माणूस नुसता जीभ दाखवतो आणि त्याचा मागचा सगळा महिना धुतला जातो. त्यांच्या डोळ्यांसमोर ते अंगण आलं, पाटा, हिरवा रस, रांगेत बसलेली पिवळी माणसं, आणि कोणाच्याही हातात पट्टी नाही. "चला तर," ते म्हणाले. शेषावतारम रिक्षा बघायला गेला.

उठताना सुगुणा कण्हली. कुशीतून, बरगडीखालून आवाज आला. सांबमूर्ती आत गेले, डबा उघडला, नारिंगी पट्टीतून एक गोळी अंगठ्याने बाहेर काढली, पेला भरला आणि तिच्या हातावर ठेवली; हे सगळं इतकं सरावाचं होतं की होऊन गेल्यावरच त्यांना कळलं. तिने ती लहान मुलासारखी गिळली. शेषावतारम दारात उभा होता.

"आता हे काय दिलंत? म्हटलं ना, गोळ्या-बिळ्या बंद!"

"दुखण्यावरची आहे. हादरे बसतील रिक्षात. ती वेगळी."

ती वेगळी. आवाज त्यांचाच होता, पण तो त्यांनी बाहेरून ऐकला, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून, हातात पेन धरून. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर ते पहिल्यांदाच बसले होते. आणि तिथून त्यांना समोरचा माणूस दिसला: इस्त्रीचा शर्ट, बगलेत बॅग, आतून पार रिकामा. कसला फरक, असं त्यांनी त्या माणसाला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, सर, तुम्हीच बघा.

ते आत गेले आणि डबा पलंगावर उपडा केला. चष्मा लावून पट्ट्या पाठीमागून वाचायची गरज नव्हती, तरी वाचल्या. आपली. त्यांची. सर्दीची. फसफसणारी. समोर चार मोठाली नावं, मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एकच. माहीत नव्हतं असं नाही. आईचं माहेरचं आडनाव माहीत असतं तसं माहीत होतं, कधी कामी येत नाही असं. गोळ्यांच्या खोक्यातला तो पातळ घडीचा कागदही त्यांना पाठ होता; मुलाखतीत म्हणून दाखवला होता. दिवसाकाठी एवढ्याच्या वर नाही. त्याच औषधाबरोबर दुसरं देऊ नये. यकृताला धोका. पिणाऱ्यांनी, उपाशी माणसांनी, अशक्तांनी जपून. डॉक्टरांना सांगताना ते यातलं पिणाऱ्यांचंच उचलत आणि डोळा मिचकावून म्हणत, "सर, आपल्या बाटलीवाल्यांना तेवढं जपून." यकृत म्हटलं की त्यांच्या मनात ताडीच्या दुकानाबाहेर भिंतीला टेकलेला माणूस येई. कार्तिकात कांदालसूण न शिवणाऱ्या, पहाटे ओल्या साडीने दिवा लावणाऱ्या बाईलाही तो अवयव असतो, हे त्यांच्या कल्पनेत कधी बसलंच नव्हतं. उपाशी, हा शब्द त्यांनी कागदावर कितीदा वाचला असेल. उपाशी म्हणजे गरीब. उपास म्हणजे पुण्य. दोन टेबलं.

बाहेर रिक्षा फुरफुरत होती. शेषावतारम आत बसून बहिणीला धरून होता. "बस स्टँड," तो रिक्षावाल्याला म्हणाला.

"नाही. एलुरू रोडला. मोठ्या दवाखान्यात."

"बावगारू, तिथे नेलंत तर नळ्या लावून ठेवतील. कावीळ आहे, इंग्रजी औषधाने कावीळ बिघडते!"

"बिघडली आहे," सांबमूर्ती म्हणाले. त्यांनी शर्टाचे खिसे दाबून धरले होते. खिशांत पट्ट्या कुरकुरत होत्या, चारी प्रकारच्या. रस्त्याने प्रत्येक खड्ड्याला सुगुणा डोळे उघडायची, बाहेर बघायची आणि पुन्हा मिटायची. कालव्याच्या पुलावर तिने विचारलं, "दिवे लागले का?" दुपार होती. "लागतील," ते म्हणाले. पेरं दुखतात का, असं विचारावंसं त्यांना वाटलं आणि भीती वाटली की ती हो म्हणेल. मग द्यायला काही उरलं नव्हतं. त्यांना पाल्याचं अंगण अजून दिसत होतं, थंड, हिरवं, मुकं. पुलापलीकडे रिक्षा वळली तेव्हा बस स्टँड, आणि त्याबरोबर ते अंगण, डाव्या हाताला राहिलं. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं.

दवाखान्यातली डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने सुगुणाचे डोळे पाहिले, पोट दाबलं, हात सरळ पुढे धरायला लावले. हात धरले आणि ते आपोआप खाली पडू लागले, पुन्हा वर, पुन्हा खाली, टाटा करणाऱ्या बाळासारखे. डॉक्टरने नर्सला रक्त काढायला सांगितलं आणि सांबमूर्तींना पडद्याच्या बाहेर, टेबलापाशी नेलं. ती उभीच राहिली. तिच्या हातात पेन होतं.

"काही औषधं चालू होती?"

सांबमूर्तींनी खिशातून पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. नावं वरच्या बाजूला, डॉक्टरकडे तोंड करून, पत्त्यांच्या पंख्यासारख्या. हाताला सवय होती. डॉक्टरने त्या पंख्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुम्ही एमआर होतात का, अंकल?"

"हो."

"मग लवकर सांगा. कुठली कशासाठी?"

सांध्यांना, तापाला, सर्दीला, डोक्याला. वाक्य जिभेवर तयार होतं, घासून गुळगुळीत झालेलं. अर्धं मिनिट त्याला पुरलं असतं. पडद्यामागे नर्स म्हणत होती, "अम्मा, डोळे उघडा. अम्मा." सांबमूर्तींनी चारही पट्ट्या उलट्या केल्या. मुंगीची अक्षरं वर आली.

"पॅरासिटामॉल," ते म्हणाले. ते नाव तोंडात परक्या दातासारखं लागलं. "सगळ्यांत तेच आहे. चारही मीच दिल्या. कार्तिक लागल्यापासून, रोज, उपाशी पोटी."

"रोज किती?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टरचं पेन थांबलं.

"आणि शेवटची?"

"निघताना. घरातून निघताना. ह्याच हाताने."

तिने वळून नर्सला एका औषधाचं नाव सांगितलं आणि ताबडतोब बाटली लावायला सांगितली. मग म्हणाली, "सांगितलंत हे बरं केलंत. नाहीतर आम्ही दुसरंच काही शोधत बसलो असतो. हे औषध वेळेवर गेलं तर उपयोग होतो." आम्ही वेळेवर आलो का, असं सांबमूर्तींनी विचारलं. "रक्त काय म्हणतं ते बघू," ती म्हणाली, आणि घाईने आत गेली. शेषावतारम बाकावर बसून टेबलावरच्या पट्ट्यांकडे बघत होता. त्याने आयुष्यभर लोकांना बिनतिकीट पकडलं होतं, आणि आता त्याला काय करावं ते सुचत नव्हतं.

आत सुगुणाच्या हाताला नळी लागली होती. डोकं किती ताळ्यावर आहे ते बघायला डॉक्टरने तिच्या दुसऱ्या हातात पेन दिलं आणि मांडीवर एक कोरा कागद ठेवला. "अम्मा, इथे एक चांदणी काढा बरं. साधी चांदणी."

सुगुणाने कागदाकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम ओळखीचा झाला, पहाटेचा, दारातला. ती ठिपके मांडू लागली. एकाखाली एक, सारख्या अंतरावर, सुजल्या बोटांनी, एकही ठिपका इकडेतिकडे नाही. डॉक्टर थांबली. सांबमूर्तींना वाटलं, आता. आता रेघ निघेल. पेन शेवटच्या ठिपक्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाई कागदात पसरत गेली. सुगुणाने पिवळे डोळे वर केले, खोलीतल्या माणसांवरून एकेक करून फिरवले आणि त्यांच्यावर आणून ठेवले.

"सांबमूर्ती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "रेघ तू मिळव."

या वेळी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पेन घेतलं, कॉटच्या कडेला टेकले आणि कागद स्वतःकडे ओढला. ठिपके होते तिथेच होते. इतकी वर्षं ते रोज पहाटे ह्याच ठिपक्यांना ओलांडून दूध घ्यायला गेले होते. कुठल्या ठिपक्यापासून निघायचं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं.